छोटी इन्व्हेस्टमेंट बँक निवडताना: शिरूर-दौंडच्या पोरापोरींसाठी काही रोखठोक मुद्दे

गेल्या दोन-तीन वर्षांत एक प्रश्न वारंवार कानावर येतोय. शिरूरचा बी.कॉम. झालेला मुलगा असो, नाहीतर दौंडवरून रोज लोकलने पुण्याला जाऊन एमबीए केलेली मुलगी असो. विचारणं एकच असतं. "दोन छोट्या इन्व्हेस्टमेंट बँकांकडून बोलावणं आलंय. कोणती धरू?"

या प्रश्नाचं आधी स्वागत केलं पाहिजे. आपल्या समाजात नोकरी म्हटलं की एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती आणि फार तर बँकेचा क्लार्क, एवढ्यावरच गाडी थांबते. दौंडला रेल्वे आणि एसआरपीएफ, शिरूरला रांजणगाव एमआयडीसीतलं कंत्राटी काम, या पलीकडे वाटच नाही असं पोरांनी धरून चाललंय. त्यात कुणी शेअर बाजारात कंपनी उभी करण्याचं काम शिकायचं म्हणत असेल, तर त्याला वेड्यात काढू नये. पण त्याला नुसत्या शुभेच्छा देऊनही भागत नाही. निर्णय कसा घ्यायचा ते सांगितलं पाहिजे.

काही कार्यकर्ते मित्र विचारतील, आंबेडकरी पोरांनी शेअर बाजाराच्या भानगडीत पडायचंच कशाला? हा सटोडियांचा धंदा, तो शेठजींना लखलाभ. या मित्रांना बाबासाहेबांच्या आयुष्यातली एक हकिगत आठवून देतो. १९१७ मध्ये बडोद्यात राहायला छप्पर मिळालं नाही म्हणून बाबासाहेब मुंबईला परतले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. या मधल्या काळात त्यांनी शेअर-रोख्यांचे व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली होती. सुरुवात बरी झाली. पण पेढीचा मालक अस्पृश्य आहे हे कळलं आणि गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. कोलंबिया विद्यापीठातून अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाचा सल्ला चांगला की वाईट, हे कुणी तपासलंच नाही.

म्हणजे आर्थिक सल्ल्याच्या धंद्यात पाऊल टाकणारा आपला पहिला माणूस खुद्द बाबासाहेब होते आणि त्यांना जातीने बाहेर काढलं. पुढे १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये निघाला, १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी साक्ष दिली. १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग आणि विमा सरकारी मालकीचा असावा अशी मांडणी केली. ही मांडणी पैशाचं शास्त्र कोळून प्यायलेल्या माणसाची होती. भांडवलावर टीका करायची असेल तरी भांडवल कुठून येतं, कुठे जातं आणि मध्ये कोण किती खातं, हे कळलं पाहिजे. ज्या दारातून बाबासाहेबांना हाकललं, ते दार अपवित्र आहे म्हणून आपण लांब राहायचं, हा कुठला न्याय?

आता मुद्द्यावर येऊ.

मोठ्या विदेशी इन्व्हेस्टमेंट बँका किंवा देशातल्या नामांकित मर्चंट बँका आपल्या कॉलेजांत येत नाहीत. त्या आयआयएम आणि निवडक संस्थांत जातात. तिथून न आलेल्या पोरांसमोर मोठी की छोटी असा पर्यायच नसतो. पर्याय असतो तो ही छोटी की ती छोटी. म्हणून "ब्रँड बघून जा" हा सल्ला आपल्याला निरुपयोगी आहे. छोट्यांमधली चांगली कोणती, हे ओळखता आलं पाहिजे.

सगळ्यात आधी हे बघा की ती मुळात इन्व्हेस्टमेंट बँक आहे का. पाटीवर 'कॅपिटल', 'अ‍ॅडव्हायझर्स', 'व्हेंचर्स' असं काहीही लिहिता येतं. आत गेल्यावर कळतं की काम आहे डीमॅट खाती उघडण्याचं, नाहीतर फोनवरून शेअरच्या टिपा विकण्याचं. कंपनीचा आयपीओ आणणाऱ्याला सेबीकडे मर्चंट बँकर म्हणून नोंदणी करावी लागते. ही यादी सेबीच्या संकेतस्थळावर कुणालाही मोफत बघता येते. फक्त कर्ज मिळवून देणाऱ्या किंवा कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचा सल्ला देणाऱ्या काही फर्म या नोंदणीशिवाय चालतात, त्या सगळ्याच खोट्या नसतात. पण "आम्ही आयपीओ करतो" असं सांगणारी फर्म यादीत नसेल, तर तिथून उठून यायचं. आणि 'ट्रेनिंग'च्या नावाखाली आधी पैसे मागणारी, किंवा मूळ गुणपत्रिका ठेवून घेणारी जागा असेल, तर दुसरा प्रश्न विचारायचीही गरज नाही. आपल्या आई-बापांनी सावकाराकडे कागद ठेवले, तेवढं पुरे झालं.

त्यानंतर फर्मचं काम तपासा. इथे एक सोय अशी आहे की जिचा फायदा आपली पोरं घेतच नाहीत. आयपीओ आणणाऱ्या प्रत्येक कंपनीला आपली सगळी माहिती एका जाडजूड दस्तऐवजात छापावी लागते. त्याचा कच्चा मसुदा म्हणजे डीआरएचपी. हा दस्तऐवज सार्वजनिक असतो. त्याच्या आत त्या मर्चंट बँकरने आधी आणलेल्या इश्यूंचा तक्ता असतो: विक्रीचा भाव काय होता आणि नोंदणीनंतर ३०, ९० आणि १८० दिवसांनी तो शेअर कुठे होता. शिरूरच्या एसटी स्टँडवर बसून मोबाइलवर हे वाचता येतं. ज्या फर्मचे बहुतेक शेअर पहिल्या दिवशी उसळले आणि १८० दिवसांनी निम्म्यावर आले, तिथे तुम्हाला काय शिकवलं जाणार याचा अंदाज मुलाखतीआधीच बांधता येतो.

हे एवढं ताणून सांगण्याचं कारण आहे. छोट्या मर्चंट बँकांचं मुख्य पीक म्हणजे एसएमई आयपीओ. लहान-मध्यम कंपन्यांसाठी बीएसई आणि एनएसईने २०१२ मध्ये वेगळे मंच सुरू केले. २०२४ या एका वर्षात दोनशेहून अधिक एसएमई इश्यू आले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीतल्या दोन शोरूम आणि आठ कर्मचारी असलेल्या एका दुचाकी विक्रेत्याने सुमारे १२ कोटींचा इश्यू आणला आणि त्याला चार हजार कोटींहून अधिक रुपयांची मागणी आली. डिसेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या एका एसएमई कंपनीला सेबीने गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले, कारण ज्या पुरवठादाराकडून खरेदी करण्यासाठी पैसे उभे केले होते, तोच संशयास्पद निघाला. याच महिन्यात सेबीच्या मंडळाने एसएमई इश्यूचे नियम कडक केले. मर्चंट बँकरांनाही दोन वर्गांत विभागायचं ठरलं: पहिल्या वर्गासाठी किमान ५० कोटींचं नेटवर्थ, दुसऱ्यासाठी १० कोटी, आणि दुसऱ्या वर्गाला मुख्य बाजारातले शेअर इश्यू हाताळता येणार नाहीत. आधी सगळ्यांसाठी ही अट ५ कोटींची होती.

नोकरी शोधणाऱ्याशी याचा थेट संबंध आहे. वाढीव भांडवलाची अट टप्प्याटप्प्याने लागू होणार असल्यामुळे काही छोट्या फर्मना पैसा आणावा लागेल, काहींना विलीन व्हावं लागेल, काहींना दुकान बंद करावं लागेल. शिवाय एसएमई इश्यू शंभर टक्के अंडरराइट करावा लागतो आणि त्यातला किमान १५ टक्के भार मर्चंट बँकरला स्वतःच्या खात्यावर घ्यावा लागतो. इश्यू पडला तर फटका फर्मच्या तिजोरीला. म्हणून मुलाखतीत बिनधास्त विचारा: "सर, आपली नोंदणी कोणत्या वर्गात राहणार? नव्या अटीची तयारी कुठपर्यंत आलीय?" हे विचारणं उद्धटपणाचं नाही. ज्याला उत्तर देता येत नाही किंवा राग येतो, त्याच्या भरवशावर तुम्ही मुंबईत खोली घेणार आहात का?

आता पगाराकडे येऊ. समजा दोन जागा आहेत. एक पुण्यात. काचेचं ऑफिस, साठ माणसं, पद 'असोसिएट', पगार २८ हजार. पण खोलात गेलं की काम मुख्यतः कर्जाच्या फायली फिरवण्याचं आणि महिन्याला अमुक खाती उघडण्याचं टार्गेट. दुसरी मुंबईत. नऊ माणसं, दोन खोल्या, पद 'ट्रेनी', पगार २२ हजार. पण सेबीची नोंदणी, दोन वर्षांत पूर्ण केलेले पाच इश्यू आणि शिकवायला वेळ देणारा एक सीनियर. कोणती निवडायची?

घराची परिस्थिती तेवढं झेपू देत असेल तर दुसरी. इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये पहिल्या तीन वर्षांत पगारापेक्षा तुमच्या हाताखालून किती व्यवहार पूर्ण झाले, याला किंमत असते. पुढची नोकरी देणारा तेच विचारतो. साठ माणसांच्या फर्ममध्ये तीन वर्षं तक्त्यांचे रकाने सरळ करणारा मुलगा आणि नऊ माणसांच्या फर्ममध्ये कंपनीच्या मालकासमोर बसून ताळेबंद तपासणारी मुलगी, यात पुढे कोण जाईल हे सांगायला नको.

पण "घराची परिस्थिती झेपू देत असेल तर" हे शब्द मी मुद्दाम घातलेत. फायनान्सच्या दुनियेत सर्रास ऐकवलं जातं, "सुरुवातीला पैशाकडे बघू नका, शिकण्याकडे बघा." ज्याच्या बापाचा अंधेरीत फ्लॅट आहे त्याने जरूर बघू नये. ज्याची आई कुरकुंभला कंत्राटावर साफसफाईला जाते, त्याने बघितलंच पाहिजे. बिनपगारी इंटर्नशिप म्हणजे श्रीमंतांसाठी ठेवलेल्या राखीव जागा आहेत. गुणवत्तेच्या नावाने आरक्षणाला नाकं मुरडणारे या राखीव जागांबद्दल मात्र अवाक्षर काढत नाहीत. म्हणून हिशेब कागदावर मांडा. कल्याण-डोंबिवलीकडे कॉट बेसिसवर राहण्याचे किती, मेस किती, लोकलचा पास किती, घरी किती पाठवायचे. २२ हजारांत हे बसत नसेल तर पुण्याची नोकरी घ्या, वर्षभर पैसे साठवा आणि मग उडी मारा. त्यात कमीपणा काही नाही. कर्ज काढून शिकाऊ नोकरी करू नका.

एक बारीक गोष्ट आणखी. वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ कायद्याने बंधनकारक नाही. नऊ माणसांच्या ऑफिसात पीएफ नसेल तर ती फसवणूक नव्हे, पण मग कागदावरच्या सीटीसीला भुलू नका, हातात किती पडणार ते विचारा. तिथे आधी काम करून गेलेल्या एखाद्याला गाठून पगार कोणत्या तारखेला होतो तेही विचारा. आयपीओचा बाजार थंडावला की छोट्या फर्ममध्ये सगळ्यात आधी पगाराची तारीख हलते.

आता जातीबद्दल. छोट्या फर्म बहुतेक एका कुटुंबाच्या किंवा नात्यागोत्याच्या असतात. ग्राहक ओळखीतून येतो. सीए मामाचा, कंपनी सेक्रेटरी मेव्हण्याचा. तिथे आडनाव विचारलं जातं, गाव विचारलं जातं, डब्यात काय आहे तेही बघितलं जातं. शंभर वर्षांपूर्वी बाबासाहेबांच्या पेढीचं जे झालं, ते आज उघडपणे होत नाही. ते "कल्चर फिट नाही", "क्लायंटसमोर न्यायला अजून वेळ आहे" अशा गोड शब्दांत होतं. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही आणि नऊ माणसांच्या ऑफिसात तक्रार निवारण कक्षही नसतो. हे माहीत असूनच आत जायचं.

मग तुमच्याकडे असं काय आहे, जे त्या मामा-मेव्हण्यांच्या जाळ्यात नाही?

पेरणे फाट्यावरून निघा. कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव. दरवर्षी १ जानेवारीला ज्या रस्त्यावर आपला जनसागर लोटतो, तोच रस्ता पुढे पुणे जिल्ह्यातल्या मोठ्या औद्योगिक पट्ट्यात जातो. दौंडच्या बाजूला कुरकुंभची रसायनांची एमआयडीसी. या पट्ट्यांत मोठ्या कंपन्यांना सुटे भाग, पॅकिंग, फॅब्रिकेशन, वाहतूक पुरवणारी असंख्य लहान युनिटं आहेत. एसएमई आयपीओ अशाच कंपन्यांचे येतात. आणि या शेडमध्ये काय चालतं हे तुम्हाला माहीत आहे, कारण तुमचा भाऊ तिथे लोडिंगला आहे, चुलता वॉचमन आहे, सुट्टीत तुम्ही स्वतः तिथे हेल्पर म्हणून राबला आहात.

मर्चंट बँकरला इश्यूआधी ड्यू डिलिजन्स करावा लागतो, म्हणजे कंपनी जे सांगते ते खरं आहे का याची छाननी, आणि तसं प्रमाणपत्र सही करून द्यावं लागतं. कागदावर तीन शिफ्ट दाखवल्या आहेत. मुंबईहून गाडीने आलेला साहेब कॉन्फरन्स रूममध्ये चहा पिऊन परत जातो. तुम्ही गेटवर उभं राहून सांगू शकता की रात्रीची बस येत नाही, कँटीनला एकाच पाळीचं जेवण जातं, मीटरचं वीजबिल तीन शिफ्टचं नाही आणि कोपऱ्यातल्या मशिनवरची धूळ महिन्याभराची आहे. ही नजर कोणत्याही बिझनेस स्कूलमध्ये मिळत नाही. ज्या गोष्टीची आपण आयुष्यभर लाज वाटून घेतो, ती या धंद्यात भांडवल आहे.

म्हणून दोन फर्ममध्ये निवड करताना माझा शेवटचा आणि सगळ्यात वजनदार निकष हाच: ही फर्म नव्या पोराला कारखान्यावर पाठवते का? की फक्त स्क्रीनसमोर बसवून जुन्या दस्तऐवजातलं नाव खोडून नवं नाव टाकायला लावते? पहिलीकडे पगार थोडा कमी असला तरी जा. दुसरीकडे पगार जास्त असला तरी दहादा विचार करा.

आणि समजा तुम्हाला खोट दिसली आणि वरून सांगितलं गेलं की "लिहू नकोस"? तर लक्षात ठेवा, तो शेअर उद्या कोण घेणार आहे. रांजणगावच्या पट्ट्यात शिफ्ट सुटल्यावर मोबाइलवर बाजार बघणारी आपलीच पोरं घेणार आहेत, ग्रॅच्युइटीचे, नाहीतर आईच्या बचत गटातून उचललेले पैसे घालून. आक्षेप ईमेलवर लेखी नोंदवा, तोंडी नको. आणि तरीही खोटं पुढे रेटलं जात असेल तर नोकरी बदला. तुमचं नाव ज्या कागदावर आहे तो कागद वीस वर्षांनीही काढला जाऊ शकतो. पहिल्या पिढीच्या माणसाला एकदा डाग लागला की सावरायला मामाही नसतो आणि मेव्हणाही.

आपल्या गावात 'फायनान्समध्ये आहे' म्हणजे काय असतं तेही एकदा बघा. मायक्रोफायनान्स कंपनीचा शर्ट घालून, मोटारसायकलवरून, दर आठवड्याला वस्तीतल्या आया-बहिणींकडून हप्ते गोळा करणं. शेकडो पोरं हे काम करतात, पोटासाठी करतात, त्यांना दोष नाही. पण भांडवलाच्या शिडीवर आपल्या पोराला फक्त शेवटची पायरी मिळावी, तीही आपल्याच माणसांच्या दारात उभं राहून वसुली करण्याची, हे आपण मुकाट मान्य करायचं का? वर बसून कंपनीला भांडवल मिळवून देणाऱ्या टेबलावर आपला माणूस का नको?

हे एकट्या पोराने करायचं काम नाही. चळवळीलाही त्यात हात घालावा लागेल. बार्टी स्पर्धा परीक्षांचं आणि बँक भरतीचं प्रशिक्षण देते, ते चांगलंच आहे. तिने सेबीने स्थापन केलेल्या एनआयएसएम या संस्थेची मर्चंट बँकिंगची प्रमाणपत्र परीक्षा आणि फायनान्शियल मॉडेलिंगचं शिक्षणही त्यात आणावं, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. डिक्कीची स्थापना २००५ मध्ये पुण्यातच झाली. २०१५ पासून अनुसूचित जातींच्या उद्योजकांसाठी व्हेंचर कॅपिटल फंड आहे, २०१६ मध्ये स्टँड-अप इंडिया सुरू झाली होती. आपले उद्योजक तयार होत आहेत. उद्या त्यांची कंपनी बाजारात न्यायची वेळ आली, तर त्यांचा दस्तऐवज लिहिणारा, त्यांना गिऱ्हाईक म्हणून सन्मानाने वागवणारा बँकर आपल्यात नको का?

आणि सरकारची वाट न बघता आजपासून होण्यासारखं एक काम. शिरूर आणि दौंडमध्ये विहारांच्या अभ्यासिका आहेत. तिथे दर रविवारी दोन तास एक डीआरएचपी उघडा. मालक कोण, कर्ज किती, पैसा कशासाठी हवा, खटले कोणते, मर्चंट बँकरचा जुना हिशेब काय, एवढे पाच प्रश्न लिहून काढा. सहा महिन्यांत पंचवीस कंपन्या वाचून झालेल्या पोराला मुलाखतीत कुणी हलवू शकत नाही. तोच पोरगा वस्तीतल्या दहा जणांना भलत्या इश्यूत पैसे घालण्यापासून वाचवेल, हा वेगळा फायदा. मुंबईत नोकरीला लागलेल्यांनी नव्याने येणाऱ्याला पहिले दोन महिने आपल्या खोलीत जागा द्यावी. बाबासाहेबांच्या पेढीकडे गिऱ्हाईक फिरकलं नाही, तेव्हा त्यांच्या पाठीशी उभं राहील असा शिकलेला, कमावता समाज नव्हता. आज तो आहे.

तेव्हा दोन ऑफर हातात असलेल्या माझ्या भावाला आणि बहिणीला एवढंच सांगणं आहे. सेबीची यादी बघा, १८० दिवसांचा तक्ता वाचा, भांडवलाचा प्रश्न विचारा, हातात पडणारा पगार मोजा आणि कारखान्यावर कोण पाठवतं ते विचारा. मग निर्णय घ्या आणि जिथे जाल तिथे नाव-आडनाव न लपवता बसा.

जय भीम!